‘इथे कुणी घरी बोलवत नाही’

‘मॅडम, गाव फार सुंदर आहे हो. लोकही चांगले आहेत. पण...’

मी समुपदेशक आहे. परदेशातून माझ्याकडे ऑनलाइन सत्रांना येणाऱ्या मुलींकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ‘पण’नंतर घसा दाटणार, हे आधीच कळतं. इंग्लंडमधल्या छोट्या, जुन्या बाजारपेठांच्या गावांतून तर ते हमखास येतं. लंडनला १९३२पासून महाराष्ट्र मंडळ आहे, लेस्टरला हवी ती डाळ मिळते. छोट्या गावात मात्र शाळेच्या फाटकापाशी आपल्यासारखं दिसणारं आपण एकटंच असतो.

म्हणून गौरीबद्दल लिहिते. नाव आणि काही तपशील बदलले आहेत. लिहायला तिची परवानगी आहे.

गौरी सातारा जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या गावात वाढली आणि पुण्यात बँकेत नोकरीला होती. नवऱ्याला केंब्रिजला काम मिळालं. तिथली घरभाडी झेपेनात, म्हणून त्यांनी सफोकमधल्या बरी सेंट एडमंड्सला घर घेतलं. राजा कॅन्यूटने १०२० साली तिथे मठ स्थापला होता. तो १५३९ साली बंद झाला. आता त्याचे भग्न दगडी खांब बागेत उभे आहेत. अकराव्या शतकात मठाधिपती बाल्डविनने आखलेल्या गल्ल्यांतून लोक आजही चालतात आणि दर बुधवारी, शनिवारी बाजार भरतो. गौरी ऑगस्टमध्ये गेली आणि नोव्हेंबरात माझ्याकडे आली.

पहिल्या दोन सत्रांत ती नुसती रडली. शेजारीण ‘एकदा या ना आमच्याकडे’ म्हणाली होती, त्या बोलावण्याची गौरी दोन महिने वाट बघत राहिली. कुणी ‘यू ऑल राइट?’ विचारलं की ही मनापासून उत्तर द्यायला लागायची, तोवर माणूस पुढे गेलेला. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळायचा. मुलगा झोपून मोकळं होईपर्यंत भारतात मध्यरात्र उलटलेली, त्यामुळे आईलाही फोन करता यायचा नाही. त्यात आणखी एक तक्रार होती. ‘हवेला वास येतो. उकडल्यासारखा, गोडसर, मातीचा. डोकं उठतं.’

तो साखर कारखान्याचा वास होता. तिथे १९२५पासून बीटापासून साखर करतात. मी म्हटलं, ‘म्हणजे तुमच्याकडचा गळीत हंगामच की.’ ती काहीच बोलली नाही. मीही विषय वाढवला नाही.

चौथ्या सत्रात ती पुन्हा म्हणाली, ‘इथे कुणी घरी बोलवत नाही.’

मी विचारलं, ‘गावच्या बाजारात आई भाजी कुणाकडून घ्यायची?’

तिचा चेहरा उजळला. ‘सखूमावशीकडून! पोतं अंथरून बसायची. मला बघितलं की एक पेरू हातात द्यायचीच.’

‘मावशी तुमच्या घरी किती वेळा आली?’

बराच वेळ शांतता. ‘एकदाही नाही.’

‘मग परकी होती?’

‘छे! मावशी होती ती.’

‘मावशी कधी झाली?’

इथे ती थांबली. पडद्यावर मला दिसत होतं, नजर खाली, बोटांनी स्वेटरची बाही गुंडाळत होती. मग हळू म्हणाली, ‘कधी ते नाही सांगता येणार. आई दर रविवारी तिच्याकडेच जायची. तेवढंच.’

हा प्रश्न मी आधी योजलेला नव्हता. इतक्या वर्षांच्या कामानंतर तो नेमक्या वेळी सुचला, याचं मला आजही समाधान वाटतं. त्या दिवशी मलाही एक गोष्ट लख्ख दिसली. आपलेपणा उंबरठ्याच्या आतच असतो असं आपण धरून चालतो. खरं तर आपल्या गावातही तो निम्मा बाजारात, एसटी स्टँडवर, पिठाच्या गिरणीत, त्याच माणसाला त्याच वारी भेटून तयार झालेला असतो. आणि ‘या कधीतरी घरी’ हे तर पुण्यातही बोलावणं नसतं.

मग मी तिला एक वाक्य लिहायला लावलं: ‘इथल्या लोकांनी मला आपलं मानलंच पाहिजे.’ त्यातला ‘च’ खोडायला सांगितला आणि ‘मानलं तर मला आवडेल’ असं पुन्हा लिहून घेतलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर माझं काम उभं आहे ते याचसाठी. माणसाला छळते ती इच्छा नसते, तिचा झालेला हट्ट छळतो.

गृहपाठ सोपा होता. दर बुधवारी एकच गाळा, एकच वेळ आणि पैसे देण्याआधी एक वाक्य, हवेबद्दल चालेल. तिला उच्चारांची भीती होती. तिला एलिसचीच गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभरात ते शंभर अनोळखी स्त्रियांशी ठरवून बोलले. भेटायचं एकीनेच कबूल केलं, तीही आली नाही. भीती मात्र गेली.

सहा आठवडे काहीच घडलं नाही. सातव्या बुधवारी मुलाला ताप होता. शनिवारी ती गेली तेव्हा भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी पुढे करत विचारलं, ‘बुधवारी कुठे होतात?’ हे सांगताना ती रडली, पण ते रडणं वेगळं होतं.

अशा गावात नव्याने गेलेल्यांना मी आता आग्रहाने सांगते, की बोलावण्याची वाट बघत बसू नका, आठवड्यातले दोन वार पक्के करा. ग्रंथालय, धर्मादाय संस्थेच्या दुकानातलं विनामोबदला काम, काहीही चालेल. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या डिपेंडंट व्हिसावर बहुतेक नोकऱ्याही करता येतात. आईशी बोलायची वेळ सकाळची ठेवा. शरद आणि हिवाळ्यात रोज दहा मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायचा विचार करा, असा तिथल्या आरोग्यसेवेचाच सल्ला आहे. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला तर वर्षभर. आणि दोन आठवडे झोप, भूक बिघडलेली राहिली तर गावातल्या डॉक्टरांना गाठा. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, समुपदेशनासाठी स्वतःचं नाव स्वतः नोंदवता येतं. त्यात कमीपणा नाही.

गौरीची सत्रं मार्चमध्ये संपली. शेजारणीने अजून घरी बोलावलेलं नाही. गौरीनेच तिला दिवाळीचा फराळ नेऊन दिला.

गेल्या ऑक्टोबरात तिचा व्हॉइस मेसेज आला. मागे गाड्यांचा आवाज होता आणि ती चालता चालता बोलत होती. ‘मॅडम, सकाळी खिडकी उघडली आणि वास आला. आमचा हंगाम सुरू झाला.’