आंब्याखाली लॉन टिकत नसेल तर

ठाण्यात घोडबंदर रोडला तळमजल्याची बाग, वर आंबा, ऊन सकाळचं दोन-तीन तास. लॉन दरवर्षी मरतं, तर तिथे मोथ्याच्या (गवतासारख्या दिसणाऱ्या, तिकोनी दांड्याच्या वनस्पतींच्या) कुळातलं देशी काही लावू का आणि ते बागभर पसरेल का, असा तुमचा प्रश्न.

लावा. फक्त रोपं विकत आणायची घाई करू नका. नर्सरीत बहुतेक अंब्रेला पाम हातात देतील. तो मोथ्याच्याच कुळातला, पण मूळचा आफ्रिका-मादागास्करकडचा. देशी हवं तर जूनमध्ये पाऊस पडल्यावर आपोआप काय उगवतं ते बघा. गवत वाटेल, पण दांडा चिमटीत फिरवून पाहा. तीन कडा लागल्या आणि मध्ये पेरं नसेल, तर ते मोथ्याचं भावंड.

यातलं ठेवायचं ते किलिंगा नेमोरॅलिस. दांड्याच्या टोकाला पांढरा गोल गोंडा आणि त्याखाली आडवी पसरलेली तीन-चार पानं, त्यामुळे ओळखायला सोपं. ओल आणि अर्धी सावली त्याला मानवते. जमिनीलगतच्या खोडाचे मुळांसकट तुकडे करून वीतभर अंतरावर लावले की पावसाळ्यात जागा भरते. पसरतं, पण कडेला विटा उभ्या पुरल्या की बऱ्यापैकी आवरतं.

भीती खरी आहे ती नागरमोथ्याची. तोही देशीच! लालसर-तपकिरी तुरा, खाली माळेसारखे जोडलेले सुवासिक कंद. दिवाळीच्या उटण्यात पडतो तोच. ओढून काढलात तर माळ तुटते आणि मागे राहिलेले कंद नव्याने फुटतात. खुरप्याने खोल खणून कंदासकट काढा. सावलीत त्याचा जोर कमी असतो, हे तुमच्या पथ्यावर पडेल. बाहेरून लाल माती आणलीत तर आधी चाळून घ्या, कंद बरेचदा तिच्यातूनच येतात.

किलिंगा येऊरहून उपटून आणू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथलं रोप आणणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. सोसायटीच्या कुंपणालगत, गटाराच्या कडेला पुष्कळ मिळतं.

खत जवळजवळ नकोच. मार्चनंतर मात्र पाणी चुकवू नका, नाहीतर पिवळं पडतं. ओल टिकवायची, पाणी साचू द्यायचं नाही. ठाण्यात डासांचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

जुलैत तुरे आले की दांड्यासकट जवळून फोटो टाका. नुसत्या पानांवरून ही मंडळी ओळखता येत नाहीत.