‘नशिबाने जमलं’ असं लिहू नकोस

अगं,

तुझा मेल वाचला. बातमी चौथ्या ओळीत सापडली. त्याआधी ‘उगाच त्रास देतेय’, ‘फार काही विशेष नाही’ आणि ‘नशिबाने जमलं’ एवढं सगळं ओलांडावं लागलं. जुन्या सिस्टीममधला सगळा डेटा एकही नोंद न हरवता नव्या सिस्टीमवर आला आणि ते काम तू केलंस, ही ती बातमी. यात माफी मागण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि नशीब कुठलं? जुन्या नोंदींत काहींनी आधी दिवस लिहिला होता, काहींनी आधी महिना. ०३-०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? तू प्रत्येक नोंद कुठल्या शाखेतून आली ते शोधलंस. ज्या तारखांत बारापेक्षा मोठा आकडा होता, त्यांवरून त्या शाखेची पद्धत ओळखलीस आणि मग उरलेल्या तारखा लावल्यास. शिवाय रोज रात्री दोन्हीकडच्या बेरजा ताडून पाहायचीस. इतकं चिवट नशीब कुणाचं असतं, सांग.

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ हे ऐकतच आपण सगळे मोठे झालो. म्हण खोटी नाही. पण आपण तिचा भलताच अर्थ लावून बसलो, की आवाज बंद केला म्हणजे पाणी आपोआप खोल होतं.

तुला सेसिलिया पेन या खगोलशास्त्रज्ञ बाईची गोष्ट सांगते. १९२५ साली, पंचविशीत, तिने पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांचं आयनीभवनाचं, म्हणजे उष्णतेने अणूंतून इलेक्ट्रॉन सुटण्याचं, समीकरण ताऱ्यांच्या वर्णपटांना (त्यांच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यांना) लावल्यावर तिला दिसलं की ताऱ्यांत हायड्रोजन बाकी मूलद्रव्यांच्या मानाने अफाट आहे. तेव्हाची समजूत अशी की तारे आणि पृथ्वी साधारण एकाच मसाल्याचे. हेन्री नॉरिस रसेल या त्या काळच्या दबदबा असलेल्या खगोलशास्त्रज्ञाने निष्कर्ष अशक्य ठरवला. मग पेनने स्वतःच्याच प्रबंधात लिहिलं की हायड्रोजनचं हे प्रमाण जवळजवळ नक्कीच खरं नाही. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शोधावर काट. १९२९ मध्ये रसेल वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोचला. त्याने तिच्या कामाचा उल्लेख केला, पण श्रेय बरीच वर्षं त्याच्या नावावर फिरत राहिलं.

मी पेनला दोष देत नाही. तिच्यासमोर रसेल होता आणि पदवीचा प्रश्न होता. तुझ्यासमोर कोण होतं? तुझ्या कामावर कुणी शंका घेण्याआधीच तू ती घेऊन मोकळी झालीस.

तुला भीती वाटते ती गर्विष्ठ दिसण्याची, हे मला ठाऊक आहे. जेसिका ट्रेसी आणि रिचर्ड रॉबिन्स या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये अभिमानाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक केलेल्या कामाचा, मेहनतीचा. दुसरा ‘मी आहेच असा’ या थाटाचा. माझ्या मते ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या प्रकारच्या वाक्यात क्रियापदं असतात: शोधलं, तपासलं, पुन्हा केलं. दुसऱ्यात विशेषणंच विशेषणं. तू क्रियापदांची माणूस आहेस, तेव्हा ती भीती सोड.

आणि अभिमान काही शिकवून लावलेली वाईट सवयही नाही. ट्रेसी आणि डेव्हिड मात्सुमोतो यांनी २००४ च्या ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकमधल्या जुदोपटूंचे फोटो तपासले. जन्मांध खेळाडूही जिंकल्यावर हात वर करत होते, छाती पुढे काढत होते, मान मागे टाकत होते. त्यांनी ते कधी कुणाला करताना पाहिलेलं नव्हतं.

एक मात्र करू नकोस. तक्रारीच्या आडून फुशारकी. ‘बाई गं, सगळे मलाच विचारत बसतात, वैताग आलाय’ अशातली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं बोलणारी माणसं सरळ बढाई मारणाऱ्यांपेक्षाही लोकांना कमी आवडली, कारण त्यांच्या बोलण्यात खोटेपणा जाणवतो. कुणी कौतुक केलं तर ‘थँक्यू, त्यावर खूप मेहनत घेतली होती’ म्हण आणि गप्प बस. ती शांतता दोन सेकंद टोचते. ती ‘पण’ने भरून काढायची नाही, एवढंच जमवायचं.

‘सगळं टीमचं श्रेय’ या वाक्याचंही मला फारसं कौतुक नाही. ऐकायला दिलदार वाटतं, पण त्यात कुणाचंच नाव नसतं. सर्व्हर कुणी सांभाळला, शाखांना फोन कुणी केले, हे नावानिशी सांग. तेवढ्याच स्पष्टपणे तुझा भागही सांग. दुसऱ्याचं श्रेय बुडवायचं नाही हे तुला चांगलं कळतं. तोच नियम स्वतःलाही लाव.

काहींना हे रुचणार नाही. एखादा म्हणेलही, ‘हवा गेली डोक्यात’. म्हणू दे. सांगितलेलं खरं आहे ना, एवढं तपास. त्यापुढचं त्याचं तो पाहील.

एक वही कर. काम संपलं की त्याच आठवड्यात लिही: अडचण काय होती, मी काय केलं, काय बदललं. वर्ष उलटलं की आपल्याला चुका तेवढ्या लख्ख आठवतात, बाकीचं पुसट होतं.

अप्रेझलचा फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचाय म्हणालीस. आधी मला पाठव. जिथे ‘आम्ही’ दिसेल तिथे ‘कोण कोण?’ असं लाल शाईत लिहून परत पाठवणार आहे.

तुझी,
ताई