लॉ सोडायचं कशाला?

देवबागहून एका आईने लिहिलंय: "लेक पाच वर्षांच्या लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पॅसिफिक बेटांवरच्या मुलींनी हवामानबदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला, हे वाचल्यापासून लॉ सोडून पर्यावरणशास्त्राला जाते म्हणते. काय करावं? आणि वकिली करून या कामात पोट भरेल का?"

ताई, तिला लॉ सोडू देऊ नका. ज्या मुलींचं वाचून ती भारावली, त्या लॉच्याच विद्यार्थिनी!

२०१९ साली व्हानुआटूत, साउथ पॅसिफिक विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ मुलामुलींनी हे काम हाती घेतलं. सॉलोमन बेटांची सिंथिया हौनीउही त्यांतलीच. पुढे ती त्यांच्या संघटनेची अध्यक्ष झाली. त्यांनी पॅसिफिक देशांच्या नेत्यांना पत्रं लिहिली, व्हानुआटू सरकारने विषय उचलून धरला. २९ मार्च २०२३ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मागणारा ठराव केला. डिसेंबर २०२४मध्ये हेगला त्या न्यायालयात सुनावणी झाली, तिथे सिंथिया स्वतः बोलली. २३ जुलै २०२५ला न्यायालयाने एकमताने सांगितलं की हवामानाचं रक्षण ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि ती मोडली तर भरपाईही द्यावी लागू शकते. हे मत सल्लागार स्वरूपाचं, थेट बंधनकारक नाही. तरी जगभरचे वकील आता त्याचा आधार घेऊ शकतात.

ही सहा वर्षं लेकीला नीट समजावून सांगा. व्यासपीठावरचं भाषण काही मिनिटांचं असतं. बाकी सगळा काळ मसुदे लिहिण्यात, एकेका शब्दावर घासाघीस करण्यात आणि दुसऱ्या देशांची मनं वळवण्यात जातो. तिला ते आवडतंय का, हे आधी बघू दे.

हवामानाच्या प्रश्नावर जगापुढे बोलणाऱ्या बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटलीही वकीलच. मार्शल बेटांच्या कॅथी जेटनिल-किजिनर मात्र कवयित्री. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत त्यांनी आपल्या तान्ह्या मुलीला उद्देशून लिहिलेली कविता वाचली आणि पुढे त्या आपल्या देशाच्या हवामान दूत झाल्या.

मात्र या बायका आपापल्या किनाऱ्यासाठी उभ्या राहिल्या. तुमच्या लेकीचा किनारा देवबागचा आहे, एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला दर्या. २०२४मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क मान्य केलाय. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. तिथे काम करणाऱ्या वकिलांकडे तिने इंटर्नशिप मागावी. सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम आणि नकाशे वाचायला शिकावं.

पैशांचं विचारलंत. सुरुवातीची काही वर्षं ओढाताणीची जातील, हे धरूनच चला. वकिलीची सनद हातात असली तर इतर कामं घेऊन घर चालवता येतं. हेही लॉ पुरं करण्याचं एक कारण.

येत्या सुट्टीत तिला वही घेऊन वाडीत फिरू दे. कुणाचे माड कुठल्या साली गेले, धूपप्रतिबंधक बंधारा कधी आला, विहिरीचं पाणी खारं झालं का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून तारखांसकट लिहून काढू दे. ती वही घेऊन मला भेटायला सांगा.