ती चित्रं काढत नाहीये

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. पूर्वपरीक्षेत तिला गणितात १०० पैकी ५८ गुण पडले. तिला संगणक अभियांत्रिकीला घालायचं आमचं ठरलेलं आहे. पण गेले काही महिने ती रोज संध्याकाळी दोन-दोन तास एकच चित्र पाच वेगवेगळ्या प्रोग्राममध्ये उघडून बघत बसते आणि कुठे काय वेगळं दिसतं ते वहीत लिहिते. विचारलं तर 'एसव्हीजी फाइल प्रमाणानुसार दाखवली जाते का ते तपासतेय' असं सांगते. परीक्षा होईपर्यंत मी वही काढून घेतली आहे आणि रात्री लॅपटॉप माझ्याकडे ठेवतो. त्यावर ती काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं असावं. तुम्हाला कल्पना यावी म्हणून वहीतल्या चार पानांचे फोटो, तिला न सांगता, सोबत पाठवत आहे. चित्रांचा एवढाच नाद असेल तर आम्ही डिझाइनलाही तयार आहोत, पण त्यात पुढे काही आहे का? आणि गणितासाठी कोणता क्लास लावावा?
– एक पालक

उत्तर : क्लासचं नंतर बघू. आधी वही परत द्या.

परीक्षेच्या तोंडावर मुलांचे मोबाइल काढून घेणारे पालक मला नेहमी भेटतात आणि त्यावर मी फारसं बोलतही नाही. वही काढून घेणारं कुणी आजवर भेटलं नव्हतं. त्याहून जास्त खटकलं ते पुढचं वाक्य : 'ती काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं असावं.' बारावीतली मुलगी स्वतःच्या हातानं भरलेली वही हिसकावून घेतल्यावर अवाक्षर काढत नाही, याचा अर्थ तिला पटलंय असा मी तरी लावणार नाही. बोलून काही होणार नाही हे तिनं ओळखलंय, एवढाच अर्थ निघतो. घरात वाद घालणारी मुलगी परवडते. गप्प झालेली मुलगी प्रवेशाचा अर्जही तुम्ही सांगाल तसा गप्प राहून भरते. मग दुसऱ्या वर्षाला विषय राहिले की आईवडील माझ्यासमोर बसून म्हणतात, 'तिनंच तर हो म्हटलं होतं.' तिनं हो म्हटलेलंच नसतं.

आणि ते फोटो. तिचं लिखाण तुम्ही तिच्या नकळत एका परक्या माणसाला पाठवलंत. मी ते वाचलं, कारण वाचल्याशिवाय उत्तर देता आलं नसतं. पण हे तिला सांगण्याचं काम तुमचं आहे. हे उत्तर तिच्या हातात पडण्याआधी ते उरका.

आता त्या चार पानांबद्दल. 'चित्रांचा नाद' असं तुम्ही लिहिलंय, आणि मला त्या पानांत एकही चित्र सापडलं नाही. आहेत ते रकाने : फाइलमध्ये काय लिहिलंय, प्रमाणाचा, म्हणजे ठरलेल्या लेखी नियमावलीचा, मजकूर काय म्हणतो, कोणत्या प्रोग्रामनं काय दाखवलं. एसव्हीजी फाइलमध्ये रंगीत ठिपके साठवलेले नसतात. इथून तिथवर रेष ओढ, इथे वर्तुळ काढ, त्यात हा रंग भर, अशा लेखी सूचना असतात. त्या वाचून प्रत्यक्ष चित्र काढायचं काम ब्राउझर किंवा दुसरा एखादा प्रोग्राम करतो. सूचना कशा वाचायच्या याचं प्रमाण वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही वेबचे नियम आखणारी संस्था ठरवते. पहिली आवृत्ती २००१ ची, १.१ ही २००३ ची, आणि तिचीच सुधारलेली दुसरी आवृत्ती २०११ ची. मजकूर एकच, वाचणारे अनेक, तेव्हा वाचण्यात फरक पडणारच. तुमची मुलगी हे फरक शोधतेय.

दुसऱ्या पानावरची एक नोंद तुम्हाला उलगडून सांगते, कारण ती तुम्ही वाचलेली नाही अशी माझी खात्री आहे. या भाषेत लंबवर्तुळाचा कंस काढायच्या आदेशाला सात आकडे लागतात : दोन त्रिज्या, एक कोन, दोन ध्वज आणि शेवटच्या बिंदूचे दोन निर्देशांक. ध्वज म्हणजे फक्त ० किंवा १, एकच अंक. दोन बिंदूंमधून जाणारे चार कंस संभवतात, त्यांतला कुठला घ्यायचा ते या दोन ध्वजांवरून ठरतं. ध्वज एकच अंकी असल्यानं त्याच्यानंतर जागा सोडायची गरज नसते, आणि फाइल लहान करणारी काही साधनं ती सोडतही नाहीत. तिनं घेतलेल्या फाइलमध्ये '१० १० ० ०१२० २०' असं आहे. एका प्रोग्रामनं '०१२०' हे सरळ एकशेवीस म्हणून वाचलं. मग सात आकडे भरेनात आणि चित्र कंसाच्या आधीच तुटलं. ते असं वाचायला हवं : ० हा पहिला ध्वज, १ हा दुसरा, २० हा आडवा निर्देशांक, आणि जागा सोडून आलेले २० हा उभा. इथवर कुणीही हुशार मूल पोचेल. तिनं पुढे लिहिलंय : 'चूक झाली तर तिथवरचं चित्र दाखवून थांबायचं, असा नियम आहे. म्हणजे हा प्रोग्राम थांबला ते बरोबर, वाचलं ते चूक.' खाली आणखी एक ओळ आहे. तपासणीच्या साधनानं हीच फाइल एका आकड्यानं बिघडवली तरी 'वैध' ठरवली, कारण त्या साधनाच्या लेखी पाथमधले, म्हणजे रेषा-कंसांच्या आदेशांतले, आकडे म्हणजे नुसता मजकूर. आत काय चाललंय याचा त्याला पत्ताच नाही.

दोष नेमका कोणत्या पायरीवर आहे हे वेगळं काढता येणं ही साधी गोष्ट नाही. पदवी घेतलेल्या अनेकांना ते जमत नाही. आणि त्याच पानाच्या कडेला तिनं त्या कंसाचा मध्यबिंदू हातानं काढलाय, एकही पायरी न गाळता. गणितात ५८ पडलेल्या मुलीनं. तेव्हा तिला गणित येत नाही हे म्हणणं सोडून द्या. तिच्या उत्तरपत्रिका मागवून गुण नेमके कुठे गेले ते दोघं मिळून बघा. वेळ कमी पडला, प्रश्न सुटले, की खरंच एखादा धडा कच्चा आहे, ते तिथे दिसेल. ते कळल्याशिवाय क्लास सुचवणं म्हणजे तपासल्याशिवाय औषध लिहून देणं.

डिझाइनचंही तेच. तुम्ही मोठ्या मनानं तयारी दाखवलीत, पण तिनं ते मागितलंय का? डिझाइन शिकणाऱ्याला चित्र कसं दिसावं हा प्रश्न पडतो. हिला पडलेला प्रश्न, लिहिलंय तसं दिसतंय का, हा आहे. ही ओढ भूमितीकडची आहे, नियमांचा मजकूर बारकाईनं वाचण्याकडची आहे, थोडी भाषेकडचीही आहे. तुम्ही समोर ठेवलेले दोन्ही रस्ते तिच्या कामाकडे न बघता आखलेले आहेत. त्यातला अभियांत्रिकीचा योगायोगानं जुळेलही.

यापुढचं तिच्यासाठी आहे. तिला वाचू द्या.

वही चांगली आहे, पण तिसऱ्या पानावर तू एक गफलत केली आहेस आणि ती फार जण करतात. तिथे लिहिलंस : 'पाचपैकी चार ठिकाणी असंच दिसतं, म्हणून पाचवा चूक.' तुझे पाच कोण आहेत ते बघ. क्रोम, एज, ऑपेरा, फायरफॉक्स आणि एक चित्र काढायचा प्रोग्राम. क्रोमच्या आत ब्लिंक नावाचं इंजिन आहे, सूचना वाचून चित्र काढतं ते तेच. ऑपेरानं २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन सोडून तोच रस्ता धरला, आणि मायक्रोसॉफ्टचं एज २०२० पासून त्याच पायावर उभं आहे. म्हणजे तुझ्या चार मतांपैकी तीन एकाचीच आहेत. सफारी आणून बसवलास तरी तो पूर्ण परका नाही, कारण ब्लिंक हे २०१३ मध्ये सफारीच्या वेबकिट या इंजिनमधूनच फुटून निघालं. जुन्या कोडातली खोड दोघांकडे सारखी सापडू शकते. खरी वेगळी मतं हवी असतील तर वेगळ्या घरचे वाचक घे : फायरफॉक्स, आणि ब्राउझर नसलेले लिबआरएसव्हीजी, रेसव्हीजी, बाटिक. आणि तेही साक्षीला, निकालाला नाही. निकाल प्रमाणाच्या मजकुरातून लागतो. पाचही जण सारखंच दाखवत असतील आणि मजकूर वेगळं सांगत असेल, तर पाचही चूक, असं लिहायची तयारी ठेव. कधी असंही होतं की मोजक्यांनीच पाळलेला नियम पुढच्या आवृत्तीत गळून पडतो. एसव्हीजीमध्येच अक्षरांचे साचे भरायची सोय होती, ती एसव्हीजी २ या पुढच्या आवृत्तीच्या मसुद्यातून अशीच गेली. पण तो प्रमाण बदलणाऱ्यांचा निर्णय झाला. तपासणाऱ्यानं आज जे लिहिलेलं आहे त्याच्याशीच ताडायचं.

याच्याच जोडीला, वहीच्या डोक्यावर कोणत्या आवृत्तीशी ताडतेस ते कुठेच नाही. 'यूज' म्हणजे आधीची आकृती दुव्यानं पुन्हा वापरायचा आदेश, त्याच्या नोंदीत त्या चित्र काढायच्या प्रोग्रामनं आकृती दाखवली नाही म्हणून तू फुली मारलीस. फाइलमध्ये दुवा नुसत्या एचरेफ या शब्दानं दिलाय, त्याआधी १.१ ला लागणारा एक्सलिंक हा शब्द नाही. ही मोकळीक एसव्हीजी २ ची, आणि ती आवृत्ती २०१६ मध्ये 'उमेदवार शिफारस' (म्हणजे अजून अंतिम न झालेलं प्रमाण) झाली, २०१८ मध्ये पुन्हा उमेदवारच. जो प्रोग्राम १.१ पाळतो असं सांगतो, त्याला या नियमानं नापास करता येत नाही.

चौथ्या पानावरच्या अक्षरांच्या नोंदी तर सरळ खोडून टाक. 'मजकूर दोन पिक्सेल उजवीकडे' हा बहुतेक वेळा फॉन्टचा फरक असतो. फाइलमध्ये सांगितलेला फॉन्ट त्या यंत्रावर नसला की प्रोग्राम जवळचा दुसरा घेतो. कडा मऊ करण्याची प्रत्येकाची पद्धतही वेगळी. म्हणूनच ब्राउझरवाल्यांच्या सामायिक चाचण्यांत, वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्समध्ये, आहेम नावाचा फॉन्ट वापरतात. त्यात बहुतेक अक्षरं म्हणजे एकाच मापाचा भरीव चौकोन. ना गोलाई, ना शेपूट, त्यामुळे जागा चुकली की लगेच दिसतं. त्या चाचण्यांची रचनाही वाचून काढ. बऱ्याचशा चाचण्यांत एकच आकृती दोन वेगळ्या मार्गांनी काढतात, एकदा जी सोय तपासायची ती वापरून आणि एकदा साध्या, खात्रीच्या घटकांनी, आणि दोन्ही जुळतात का बघतात. मग पाच खिडक्या डोळ्यांनी ताडत बसावं लागत नाही. तुझे दोन तास अर्ध्या तासावर येतील. बाबांची निम्मी तक्रार तिथेच मिटेल, आणि खरं सांगायचं तर परीक्षेपर्यंत अर्धा तासच पुरे.

पुन्हा पालकांकडे वळते. 'पुढे काही आहे का?' 'एसव्हीजी तपासनीस हवा' अशी जाहिरात तुम्हाला सहसा दिसणार नाही, आणि या एका फाइलप्रकारावर मुलीचं आयुष्य उभं करा असं मी म्हणतही नाही. पण एकमेकांचे कट्टर स्पर्धक असलेले ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला २०२२ पासून दरवर्षी इंटरऑप नावानं एकत्र बसून आपापल्या ब्राउझरांतले असेच फरक कमी करतात. ते काम पगारी माणसंच करतात. ई-पुस्तकांच्या इपब प्रकारात एसव्हीजी चालतं, तिथे तपासणी लागते. ई-मेलशेजारी पाठवणाऱ्या संस्थेचा लोगो दिसावा यासाठी बीआयएमआय नावाची पद्धत आहे. तिला एसव्हीजीचा एक खास, आवळलेला प्रकारच लागतो. त्यात स्क्रिप्ट, हालचाल, बाहेरून ओढलेलं चित्र यांपैकी काही चालत नाही, आणि छान दिसणारा लोगोही त्यावरून परत येतो. प्रोग्राम लिहिता येत नाही तो तपासायला बसतो, हा समज तुमच्या पत्रात कुठे उघड लिहिलेला नाही, पण ओळीओळीत आहे. चांगला तपासणारा प्रोग्राम लिहू शकतोच. शिवाय लिहिणाऱ्याला कुठे चुकलं ते दाखवून देऊ शकतो.

प्रवेश परीक्षा तिला देऊ द्या. गुण आले तर संगणकशास्त्र किंवा अभियांत्रिकी, नाही आले तर गणिताची साधी पदवीही तिला याच कामापर्यंत नेईल. निवड तिची. रात्री लॅपटॉप बंद करायची वेळ हवी तर ठरवा, पण ती दोघांनी मिळून ठरलेली असू दे.

आणि ताईसाठी शेवटचं. कंसाची ती नोंद वहीत ठेवू नकोस, त्या प्रोग्रामच्या लोकांना कळव. फाइलमधलं बाकीचं सगळं काढून तो एकच कंस ठेव, प्रमाणातलं त्या व्याकरणाचं कलम दे, तुझ्याकडच्या प्रोग्रामची आवृत्ती लिही, आणि दिसलं ते व दिसायला हवं होतं ते, अशी दोन चित्रं जोड. त्याआधी ताजी आवृत्ती उतरवून एकदा बघ. जुन्या आवृत्तीतला दोष कळवला की 'नव्यात दुरुस्त झालाय' एवढंच उत्तर येतं.