आईला सर्दी-ताप असताना बाळाला अंगावरचे दूध पाजावे का?

होय, पाजावे. साध्या सर्दी-तापात दूध तोडण्याचे कारण नसते. उलट आजाराची लक्षणे दिसण्यापूर्वीच बाळ त्या विषाणूच्या संपर्कात आलेले असते आणि आईच्या शरीरात त्याविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी प्रथिने) दुधावाटे त्याला मिळू लागतात. संसर्ग पसरतो तो खोकला, शिंका आणि हातांवाटे, म्हणून बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत आणि पाजताना मास्क लावावा.

औषधांबाबत मात्र सावध राहावे. पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत चालते, परंतु सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांत असणाऱ्या स्यूडोएफेड्रिनमुळे दूध कमी होऊ शकते, तर कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि अॅस्पिरिन स्तनदा मातेने टाळावे, त्यामुळे वेष्टनावरील घटक वाचल्याशिवाय काहीही घेऊ नये. तापामुळे शरीरातील पाणी कमी होते, तेव्हा पाणी वरचेवर प्यावे.

तापासोबत स्तनाचा एखादा भाग लाल, गरम आणि दुखरा झाला असेल, तर ती सर्दी नसून स्तनदाह (स्तनाला आलेली सूज) असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे, पण पाजणे थांबवू नये. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाचा ताप 38 अंश सेल्सिअस किंवा अधिक भरल्यास त्याच दिवशी, वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे.