टीबीच्या गोळ्या चालू असताना मानेची गाठ वाढली, तर औषध चुकलं का?

तुम्ही लिहिलंय की भावाला एचआयव्ही आहे, मानेतल्या गाठीचा टीबी निघाला, गोळ्यांनी ताप उतरला. मग एआरटी (एचआयव्हीची औषधं) सुरू झालं आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप, गाठ लिंबाएवढी. गोळ्या बंद करू का?

नका करू. बऱ्याचदा हे औषध लागू पडल्याचंच लक्षण असतं. एआरटीनं विषाणू दबला की प्रतिकारशक्ती जागी होते आणि गाठीतल्या जिवंत-मेलेल्या सगळ्या जंतूंवर तुटून पडते. त्याची ही सूज. डॉक्टर याला 'आयरिस' म्हणतात. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) फार कमी असताना एआरटी सुरू झालं तर हे जास्त दिसतं. पण आयरिसच आहे हे घरबसल्या ठरवू नका. रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी, चुकलेल्या गोळ्या, दुसरं एखादं इन्फेक्शन, हे आधी तपासावं लागतं. त्यासाठी गाठीत सुई घालून पू काढतात आणि सीबीनॅट (टीबीचा जंतू आणि तो रिफाम्पिसिनला दाद देतो का, हे सांगणारी चाचणी) व कल्चरला (जंतू वाढवून बघायला) पाठवतात. थुंकी निगेटिव्ह होती यावर विसंबू नका, गाठीचा टीबी थुंकीत दिसत नाही. आयरिस ठरलं आणि त्रास जास्त असला तर काही आठवडे प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड देतात.

आता घरात हमखास चुकणारी गोष्ट. रिफाम्पिसिनमुळे शरीर डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध भराभर मोडून टाकतं. म्हणून रात्री ९ ला टीएलडी (डोल्युटेग्राविर असलेली एआरटीची एकत्रित गोळी) घेत असेल, तर सकाळी ९ ला डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅची वेगळी गोळी लागते. टीबीचे उपचार संपल्यावरही ती २ आठवडे चालू ठेवायची. ती वेगळ्या डबीत येते आणि तिथंच राहते! आधी डबी उघडून गोळ्या मोजा. अँटासिड घेत असेल तर डोल्युटेग्राविर त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर.

टीबीच्या गोळ्या वजनावर ठरतात: ३५ ते ४९ किलोला रोज ३, ५० ते ६४ ला ४. वजन वाढून गट बदलला तर सांगा. कोट्रायमॉक्साझोल दिलं असेल तर तेही चुकवू नका, ते न्यूमोनियाच्या एका वाईट प्रकारापासून वाचवतं.

लघवी केशरी झाली तर घाबरू नका. डोळे पिवळे झाले तर मात्र टीबीच्या गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. डोकेदुखीसोबत उलट्या, गुंगी किंवा धाप असेल तर थेट कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाची कॅज्युअल्टी, सोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटं.

आणि कोल्हापूरकर आहात म्हणून सांगतो, गंगावेशीतलं धारोष्ण दूध भावाला देऊ नका. कच्च्या दुधातून गुरांचा टीबी येऊ शकतो, तो नेमका मानेच्या गाठीत किंवा आतड्यात बसतो, आणि टीबीच्या चार औषधांपैकी पायराझिनामाइड त्याच्यावर चालतच नाही. भावाला दुधातूनच झालं असं नाही, आपल्याकडे टीबी बहुतेक हवेतून लागतो. पण सुईच्या तपासणीवेळी कच्च्या दुधाची सवय असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. उकळलेलं दूध हवं तेवढं पिऊ दे.