थेरपिस्टने आधीच मत बनवलंय का?

प्रश्न: ताई, आमचा 15 वर्षांचा मुलगा शाळेत जायलाच तयार नाही म्हणून आम्ही तिघं फॅमिली थेरपीला जातोय. मॅडम बोलायला छान आहेत पण मला सारखं वाटतं की त्यांनी मनात ठरवूनच टाकलंय, आई अती काळजी करते म्हणून पोरगा असा झाला. हे लोक स्वतःचे समज कधी तपासतात का हो?

उत्तर: तपासायलाच हवेत. कोण कुणाशेजारी बसलं इथपासून थेरपिस्टच्या मनात अंदाज सुरू होतात, त्यात गैर काही नाही, गैर आहे ते त्याला चिकटून बसणं. मिलानच्या सेल्विनी पालाझोली, बोस्कोलो, चेक्किन आणि प्राता या चौघा फॅमिली थेरपिस्टनी 1980 मध्ये यावरच पेपर लिहिला, की अंदाज खरा का खोटा यापेक्षा त्यातून काही नवीन कळतंय का ते बघा, नसेल तर सोडा, आणि अंदाज सगळ्या घराला धरून हवा, एकट्या आईवर नको.

म्हणजे तुमच्या मॅडमना आईची काळजी खटकली तर त्यांनी मुलाला विचारावं, "आई काळजी करायला लागली की बाबा काय करतात?" आता समजा तो म्हणाला की बाबा फोन घेऊन बाहेर जातात, मग काय? मग तुमची काळजी "अती" राहत नाही, घरात ती एकटीच्याच वाट्याला आलीये असं दिसायला लागतं आणि पुढचे प्रश्नच बदलतात.

मुलाचं काही बिनसलं की आईकडे बोट दाखवायची खोड आमच्या क्षेत्रात जुनी आहे. फॅमिली थेरपी बाई-पुरुषांच्या ठरलेल्या भूमिका तशाच पुढे रेटते हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेचल हेअर-मस्टिन यांनी 1978 मध्येच लिहिलं होतं, तेव्हा तुम्हाला जे वाटतंय ते उगाच नाही. म्हणूनच थेरपिस्टनी स्वतःच्या घराचा जीनोग्राम, म्हणजे पिढ्यांच्या नात्यांचा नकाशा, काढायचा असतो, तीन पिढ्यांत कोण कुणाशी अबोला धरायचं, आपल्या आईवर आपला कसला राग आहे वगैरे, आणि सुपरव्हिजनमध्ये दुसऱ्या अनुभवी थेरपिस्टसमोर केस मांडायची असते, कारण आपलं आपल्याला दिसत नाही.

पुढच्या सेशनला मुलासमोर आणि मिस्टरांसमोरच विचारा, "मॅडम, आमच्याबद्दल तुमचा आत्ता काय अंदाज आहे, आणि कशावरून?" त्या थांबून नीट सांगतील, तुमचंही ऐकतील तर खुशाल चालू ठेवा. चिडल्या किंवा हाही तुमचा काळजीचाच स्वभाव म्हणाल्या तर दुसरा थेरपिस्ट बघा, त्यात अपराधी वाटून घेऊ नका.